चार की नऊ

डॉक्टर ओयार्सून घाईत लिहितात तेव्हा
त्यांचा चार नऊसारखा दिसतो.
अचाओच्या आमच्या बेटावरच्या इस्पितळात
हे झाडूवालीलाही ठाऊक आहे.
मलाही होतं.

रात्री दहाला धक्क्यावरचा दिवा वाऱ्याने हेलकावत होता.
फेरी बंद. बाळंतखोलीत कुणीतरी किंचाळत होतं.
आणि मी, यास्ना बारीया, नोकरीचं तिसरं वर्ष,
सहा नंबरच्या खाटेवर
एरिबेर्तो ग्विनेओ, वय एकाहत्तर, शिंपले वेचणारा,
त्याच्या पोटाची चिमूट धरली
आणि नऊ युनिट इन्सुलिन दिलं.

बाराला तो घामाने निथळत होता.
मला बायको समजून हाका मारत होता:
उर्सुला, दोर सोडू नको, उर्सुला.
बोट टोचलं. बावन्न.

मग शिरेतून ग्लुकोज,
मग शुद्धीवर आल्यावर पाव आणि सफरचंदाचा मुरंबा,
मग दर अर्ध्या तासाला एक बोट.
डॉक्टरांना फोन केला, साखर उतरलीय म्हणाले.
का उतरली, ते तेवढं गिळलं.
पहाटे चारपर्यंत नऊ बोटं झाली.
हिशेब असाही जुळतो.

रोसामेलने चुलीत लाकूड सारलं, मातेचा पेला पुढे केला.
म्हातारा वाचला ना? मग झालं.
आणि विचारलंच कुणी, तर आकडा दाखव,
तो नऊच दिसतो.
रोसामेल वाईट माणूस नाही.
माझा पोरगा तापाने फणफणला होता तेव्हा
त्याने माझ्या दोन रात्री न सांगता उचलल्या होत्या.
म्हणून तर त्याचं बोलणं
इतकं उबदार वाटलं.

पुएर्तो माँतला आम्ही शपथ घेतली
तेव्हा मेणबत्तीचं मेण माझ्या मनगटावर ओघळलं होतं.
शब्द मोठे होते, सभागृह गार होतं,
आई तिसऱ्या रांगेत रडत होती.
आज त्यातला एकही शब्द धड आठवेना.
चटका आठवला.

खणातला फॉर्म काढला.
'अक्षर अस्पष्ट होतं' असं लिहिलं.
खोडलं.
'मी चार हा नऊ वाचला. शंका आली होती.
विचारलं नाही.'
पेन जड झालं होतं असं काही नाही.
हलकंही झालं नाही.
शाई संपत आली होती, एवढंच.

साताला ओर्फेलिना बाई आल्या, कोट न काढता उभ्यानेच वाचलं.
मला वाटलं, ओरडतील.
किंवा खांद्यावर हात ठेवतील.
म्हणाल्या, वेळ लिहिली नाहीस.
मी वेळ लिहिली.
मग स्वतः फोन उचलून म्हणाल्या,
डॉक्टर, आजपासून आकडा अक्षरांतही लिहायचा.
पलीकडून काहीतरी रागाचं ऐकू आलं.
बाई खिडकीबाहेर पाहत थांबल्या,
आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या.

खाट नंबर सहाला सांगायचं राहिलं होतं.
तो बोटांकडे पाहत बसला होता,
शिंपल्यांनी कापलेली, त्यावर माझी नऊ छिद्रं.
मी सांगितलं. सगळं. फोनचंही.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, मला दुसरी नर्स द्या.

दुसरी दिली.
मी घरी गेले, बटाटे सोलले, झोपले नाही.

चौथ्या रात्री दुसरी नव्हती.
मी ट्रे घेऊन उभी राहिले.
त्याने सदरा वर केला नाही.
किती?
चार, मी म्हटलं.
दाखव.
मी सिरिंज दिव्यासमोर धरली.
चष्मा नव्हता त्याच्याकडे, मला माहीत होतं,
तरी डोळे बारीक करून तो रेघा मोजत राहिला,
मोठ्याने,
आणि मी त्याच्याबरोबर.